साथीतून स्वतंत्र वादनाकडे

१९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. पुढे सुधीर फडके ते रंगमंचावर गाऊ लागले. प्रभाकर जोग व्हायोलिनवर त्यांची साथ करीत. मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही जोगांनी वाजवले. साथीदाराला गायकाचा श्वास आणि शब्दाचे वजन ओळखावे लागते. तीच शिदोरी घेऊन ते ‘गाणारे व्हायोलिन’ हा स्वतंत्र वादनाचा कार्यक्रम करू लागले. गायक नसतानाही गजातून अक्षरे ऐकू येत. खरे तर ते शब्द मनात म्हणत असे तो श्रोताच. २०२१ मध्ये जोग गेले, ध्वनिमुद्रणे उरली. कुक्षीतल्या आपल्या नातवंडांना चाली येतात, शब्द येत नाहीत. ते आपण शिकवले नाहीत, तर हे व्हायोलिन त्यांच्यासाठी मुकेच राहील.