कोल्हापूरचे चित्तेवान

ज्या मृगयेचे वर्णन बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त येते आणि जी पुढे अकबराच्या दरबारी परम वैभवाला पोहोचली, ती चित्त्याकरवी काळवीट धरण्याची विद्या दक्षिणेत विसाव्या शतकापर्यंत टिकली ती मुख्यत्वे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या आश्रयाने. रानातून धरून आणलेल्या चित्त्याचे डोळे टोपीने झाकून त्याला खाटेला बांधीत. चित्तेवान अहोरात्र त्याच्या उशाशी राही, हाताने मांस भरवी आणि माणसांची, गजबजाटाची भीती मोडावी म्हणून त्याला भर पेठेतून फिरवून आणी. शिकारीच्या दिवशी त्याला बैलगाडीवर बसवून माळावर नेत, कारण शेतकऱ्यांच्या गाड्या नित्य पाहणारे काळवीट गाडीला बुजत नसत. टप्प्यात येताच टोपी काढली जाई आणि काही क्षणांतच निकाल लागे. सावजाच्या नरड्याला जखडलेला चित्ता सोडवायचा तर चित्तेवान लाकडी पळीत त्याच शिकारीचे ऊन रक्त त्याच्यापुढे धरी, आणि तो ते चाटण्यात गुंगला म्हणजे टोपी अलगद पुन्हा डोळ्यांवर चढवी.

एवढ्या मायेने सांभाळलेल्या या जनावराचा उच्छेद व्हावा, याचे मला फार दुःख वाटते. पण त्याचे बीज या संगोपनातच होते. आईपाशी शिकार शिकलेलाच चित्ता उपयोगी पडत असल्याने पिलांना कोणी विचारीत नसे; ज्या झाडाशी चित्ते वारंवार येत, तिथे फास मांडून पारधी ऐन पैदाशीच्या वयाचे जनावर धरीत. कैदेत मात्र त्यांची जोडी जमत नसे. अकबराने हजार चित्ते जमवूनही त्यांची जोडी जमावी ही त्याची इच्छा पुरी झाली नाही, असे जहांगीर लिहितो. तीन बछडी जन्मल्याची १६१३ सालची विरळा नोंद त्याच्याच आत्मवृत्तात सापडते. म्हणजे दरबारात मेलेल्या प्रत्येक चित्त्याची जागा रानातूनच भरून काढावी लागे. त्यातच माळराने नांगराखाली गेली, काळवीट विरळ झाले, आणि इंग्रज अमलात चित्ता मारणाऱ्यास इनाम मिळू लागले.

अखेर कोल्हापूर व भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. चित्तेवान होते, गाड्या होत्या, काळवीटही होते. देशी चित्ता तेवढा मिळेनासा झाला होता. सरगुजाच्या रानांलगतच्या कोरिया संस्थानात १९४७ च्या सुमारास तीन चित्ते मारले गेले, आणि १९५२ मध्ये ही जात भारतातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले.