सरासरी वैमानिक कुठेच नव्हता : संगणकातील मानवाकृतीचा इतिहास

१/ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलापुढे एक कोडे होते. विमाने वेगवान झाली, पण अपघात थांबेनात. दोष यंत्रात सापडेना, प्रशिक्षणातही सापडेना. अखेर संशय कॉकपिटवर गेला. त्याची रचना १९२६ साली मोजलेल्या वैमानिकांच्या सरासरी मापांवर बेतलेली होती.

२/ १९५० साली हजारो वैमानिकांची नव्याने मोजणी झाली. लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ जणांची उंची, छाती, बाहूंची लांबी अशी दहा मापे पडताळली. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा वैमानिक एकही निघाला नाही. तीनच मापे घेतली, तरी असे वैमानिक साडेतीन टक्क्यांहून कमी भरले.

३/ १९५२ च्या या अहवालाचा अर्थ स्पष्ट होता : सरासरी माणसासाठी घडवलेली जागा कोणालाच नीट बसत नाही. मग हवाई दलाने मागेपुढे सरकणारी आसने आणि पायांच्या लांबीनुसार हलणारे पेडल मागितले.

४/ पण नवी रचना तपासायची कशी? लाकडी प्रतिकृती उभारून त्यात माणसे बसवणे खर्चिक आणि वेळखाऊ होते. १९६४ च्या सुमारास बोइंग कंपनीतील विल्यम फेटर यांनी संगणकाकडून रेषांची मानवाकृती काढून घेतली. सात सांध्यांवर हालणारा तो वैमानिक ‘बोइंग मॅन’ किंवा ‘फर्स्ट मॅन’ म्हणून ओळखला जातो.

५/ विरोधाभास असा की, त्याचा देह हवाई दलातील मध्यम बांध्याच्या वैमानिकाचा होता. डॅनियल्स यांना जो माणूस सापडला नव्हता, तोच आता संगणकाच्या रेषांत अवतरला!

६/ पुढचा इतिहास ही उणीव भरून काढण्याचा आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात ‘सॅमी’ ही प्रणाली आकाराला आली. १९७० च्या दशकात फेटर यांनी स्त्रीची आकृतीही घडवली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन बॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जॅक’ उभा केला. त्याचे सांधे कितीतरी अधिक होते आणि पाठीचा कणाही वाकत असे.

७/ अशा आकृतीला ‘हात त्या कळीपर्यंत ने’ एवढेच सांगायचे. खांदा, कोपर आणि मनगट किती वळावे, याचे गणित संगणक उलट्या दिशेने सोडवतो. हात पोहोचतो का, नजरेआड काय राहते, कंबरेवर किती ताण येतो, हे यंत्राचा पहिला खिळा ठोकण्याआधीच कळते.

८/ तरीही आकृती मापांहून शहाणी नसते. ‘जॅक’च्या देहामागे प्रामुख्याने अमेरिकी सैनिकांची मापे होती. त्यांच्यावरून बेतलेले आसन बुटक्या बांध्याच्या कामगाराला सोयीचे होईलच असे नाही.

९/ म्हणूनच देबकुमार चक्रवर्ती यांचे काम मोलाचे ठरते. १९९७ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने त्यांचा भारतीय स्त्रीपुरुषांच्या शरीरमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीयांसाठी खुर्ची, ओटा किंवा यंत्र आखणाऱ्याला परक्या देहाऐवजी इथल्या देहाचा आधार मिळाला.

१०/ ‘फर्स्ट मॅन’ पासून आजवर आकृत्यांना स्नायू आले, त्वचा आली, चालही आली. डॅनियल्स यांचा प्रश्न मात्र प्रत्येक आकृतीला आजही विचारावा लागतो : हा देह नेमका कोणाच्या मापाचा?