आइसफिश

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातील माशांचे एक कुळ. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन नसते. पृष्ठवंशीय प्राण्यांत प्रौढपणीही अशी स्थिती असणारे दुसरे कुळ ज्ञात नाही. व्हेलच्या शिकारीवर जाणारे नॉर्वेजियन खलाशी ‘पांढऱ्या रक्ताच्या’ माशांच्या गोष्टी सांगत, पण त्यांवर सहसा कोणी विश्वास ठेवत नसे. योहान रूड यांनी 1954 साली रक्ततपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि शंका मिटली. हे रक्त खरे तर पांढरे नसून जवळजवळ पारदर्शक असते.

थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो, म्हणून हा मासा तगतो. तरीही त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता लाल रक्ताच्या नातलगांच्या एक दशांशाहून कमी असते. ही तूट मोठे हृदय, रुंद रक्तवाहिन्या आणि रक्ताचे वाढीव प्रमाण यांनी भरून निघते. हिमोग्लोबिन गमावणे हा लाभ होता असे मानण्यास फारसा आधार नाही. तो निभावून नेलेला अपघात दिसतो.

तेथील समुद्राचे पाणी उणे 1.9 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. साध्या माशाचे रक्त त्याआधीच गोठेल. आइसफिशच्या शरीरातील विशिष्ट प्रथिने बर्फाच्या सूक्ष्म कणांना चिकटून त्यांची वाढ रोखतात.

वेडेल समुद्राच्या तळाशी 2021 मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जर्मन संशोधन जहाजाला यातील एका जातीची प्रचंड वसाहत आढळली. घरट्यांचा अंदाज सुमारे 6 कोटींचा असून बहुतेकांवर एकेक मासा अंडी राखत होता.