कसर आणि उंटअळी

राजगडाखालच्या आमच्या पाली गावात घोंगडी पेटीत जायची ती निंबाचा पाला घालूनच. पावसाळा सरला की आजी ती जोत्यावर उन्हात टाकायची आणि काठीनं झोडायची. कसर लागू नये म्हणून. लोकर खाते ती कसरीची अळी. तिच्या पतंगाला खाण्यापुरतं तोंडही नसतं. भिंतीवरून चपटी पिशवी ओढत जाणारी अळी दिसते ना, तीही याच कुळातली.

युरोपात गालिचे कुरतडणाऱ्या कसरीला निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं 1758 साली 'टापेट्झेला' नाव दिलं. त्यानं बहुतेक पतंग 'फॅलेना' या एका घरात घातले आणि आत सात खोल्या केल्या. कसर 'टिनिया'च्या खोलीत गेली, पाठीची कमान करत चालणाऱ्या उंटअळीचे पतंग 'जिऑमेट्रा'च्या. घोटाळा नंतर झाला. पंखांवरच्या नागमोडी पट्ट्या पाहून इंग्रजांनी या दुसऱ्या खोलीतल्या कित्येकांना 'कार्पेट' म्हटलं. ते बिचारे झाडपाल्यावर वाढलेले. गालिच्याशी त्यांचा संबंध नक्षीपुरता!

आपल्याकडच्या पतंगांची मोजदाद पुण्या-मुंबईच्या फौजी अंमलदारांनी केली. कर्नल चार्ल्स स्विन्हो त्यातला मोठा. 1883 साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी काढणाऱ्या आठांपैकी तो एक. त्याच आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुनही होते, हे आपण विसरतो. मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांवरचं स्विन्होचं लिखाण 1885 साली लंडनमध्ये छापलं गेलं. पुढे नीलगिरीत चहाचा मळा केलेल्या जॉर्ज हॅम्प्सननं 1892 ते 1896 या काळात हिंदुस्थानच्या पतंगांचे चार खंड लिहिले. पंखांतल्या शिरा पाहून तो कुळं लावी. काम अफाट, पण अळी काय खाते याला त्यात जागा थोडी. आजीचं शास्त्र नेमकं तिथूनच सुरू व्हायचं.

उंटअळीच्या कुळात आज जगभरात 23,000 च्या वर जाती मोजल्या आहेत. त्यातले 'कार्पेट' थंड हवेचे सोबती, म्हणून हिमालयात त्यांची चंगळ आणि आमच्या राजगडाच्या उतारावर ते थोडे. तरी पावसाळ्यात पाली दरवाजाच्या वाटेखालच्या घरांत दिव्याशी पतंगांची गर्दी होते, आणि सकाळी ती केरसुणीनं उंबऱ्याबाहेर जाते. पोरांनो, झाडण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढा. खाली तारीख आणि गावाचं नाव लिहा.