‘कंपनीचा माल’ म्हणजे कोणाचा माल? : एका जकातमाफीच्या वादाची हकीकत

जुन्या कागदांचे रुमाल ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस ‘दस्तक’ हा शब्द नवा नाहीं. अमक्याचा अमुक माल अमक्या ठिकाणाहून अमक्या ठिकाणीं जात आहे, वाटेंत कोणीं मुजाहीम होऊं नये, एवढाच त्या कागदाचा मतलब. संग्राहक अशा चिठोऱ्यांस सहसा मान देत नाहींत. सनदा, तहनामे आणि खासगत पत्रें निवडून झालीं म्हणजे दस्तकें बहुधा रुमालाच्या तळाशीं पडतात. पण अशाच चिठोऱ्यांच्या पायीं इ. स. १७६३ त बंगालच्या सुभ्यांत लढाई जुंपली आणि पुढें दोन वर्षांनीं त्या सुभ्याची दिवाणी इंग्रज कंपनीकडे गेली. या वादाचें मूळ जकातीच्या दरांत नसून, माफी ज्या मालास मिळाली तो माल कोणाचा समजावयाचा, या प्रश्नांत आहे, असें आमचें मत आहे. तें येथें कागदांच्या आधारें मांडावयाचें आहे.

आरंभीं आपल्याकडील जकातीची रीत लक्षांत घेतली पाहिजे. माल जेथें भरला जाई तेथें ‘थळभरीत’, जेथें तो मोडला म्हणजे विकला जाई तेथें ‘थळमोड’, आणि मधल्या वाटेवर नाक्यानाक्यास रहदारी, असे तिचे ठळक भेद होते. एकाच बैलाच्या पाठीवरील गोणीस तीन ठिकाणीं पैसा पडे, आणि त्यांत वाट दोन-तीन राज्यांतून जात असली तर प्रत्येक धनी आपापल्या हक्कानें घेई. यांत अन्याय आहे असें कोणास वाटत नसे. वाटेची राखण जो करी त्यानें वाटेचा पैसा घ्यावा, ही समजूत सर्वमान्य होती. व्यापारी मात्र सवलतीसाठीं कौल मागे, आणि नाहींच मिळाला तर आडवाट धरी.

इंग्रज कंपनी या व्यवस्थेंत शिरली ती एका राज्याची रयत म्हणून नव्हे. तिची सुरतेची वखार मोगलांच्या अमलाखालीं, राजापूरची प्रथम आदिलशाहींत व पुढें शिवाजी महाराजांच्या अमलांत, मद्रास गोवळकोंड्याच्या छायेंत, मुंबई इ. स. १६६८ पासून सालीना दहा पौंड खंडानें तिची स्वतःची. आणि खुद्द लंडनास उतरलेल्या मालावर तेथील राजाची जकात निराळीच. मुंबईचें उदाहरण पाहावें. मुंबईहून होडी कल्याणास जावयाची तर ठाण्याच्या खाडींतून जावें लागे. कल्याण शिवाजी महाराजांचें, ठाणें फिरंग्यांचें. ठाण्यास व कारंजास फिरंगी जकात उगवीत, आणि जेराल्ड ऑंजिअर यानें त्याबद्दल तक्रारींचा सपाटा लावला होता. बेट राजाच्या लग्नांत आंदण मिळालें, पण बेटाबाहेर पडण्याची वाट आंदणांत आली नव्हती!

महाराजांचें धोरण या बाबतींत किती जागरूक होतें, याचा पुरावा १६७१ च्या त्यांच्या मिठासंबंधींच्या पत्रांत आहे. बारदेशांतील, म्हणजे फिरंग्यांच्या मुलखांतील, मीठ स्वस्त पडूं लागल्यानें संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडूं पाहत होता. तेव्हां कुडाळच्या अंमलदारास त्यांनीं लिहिलें कीं, बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे तें आपल्या मिठाहून महाग पडेल. जकात ही नुसती वसुलाची बाब नसून आपल्या रयतेच्या उदीमाचें कुंपण आहे, हा विचार त्या छोट्या पत्रांत स्वच्छ उमटला आहे.

याच दृष्टीनें १६७४ चा रायगडचा तह वाचावा. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकास हजर होता हें सर्वांस ठाऊक आहे. त्यानें नजराण्यांचें व समारंभाचें केलेलें वर्णन वारंवार छापलें जातें, पण तो आला होता तहाचीं कलमें घेऊन. पन्हाळ्याच्या वेढ्यांत राजापूरकर इंग्रजांनीं सिद्दी जौहरास तोफांची मदत केली, त्याचें प्रायश्चित्त म्हणून १६६१ त त्यांची वखार लुटली गेली होती. तिची भरपाई दहा हजार होन ठरली. ती देण्याची तऱ्हा मात्र पाहण्यासारखी आहे. तीन वर्षें दरसाल पांच हजार होनांचा माल इंग्रजांनीं महाराजांकडून घ्यावा व निम्मीच किंमत द्यावी. यांत साडेसात हजार फिटावे. राहिलेले अडीच हजार राजापूरच्या जकातींतून वळते व्हावे. म्हणजे खजिन्यांतून रोकड एक होनही न देतां देणें वारलें, आणि तें वारेपर्यंत इंग्रजांस राजापुरीं व्यापार चालू ठेवणें भाग पडलें. येथें जकातमाफी आहे, पण तिला रकमेची मर्यादा आहे. अडीच हजार होन भरले कीं माफी संपली. एरवींची आयात जकात शेंकडा अडीच ठरली. फुटलेलीं गलबतें परत मिळावीं ही मागणी महाराजांनीं मुलखाच्या रिवाजावर बोट ठेवून नाकारली. कंपनीचें नाणें राज्यांत चालावें या कलमावर त्यांचें उत्तर असें कीं, कोणतेंही नाणें आम्ही मना करीत नाहीं, परंतु ज्यांत नुकसान होईल तें घ्या, अशी रयतेवर सक्तीही करणार नाहीं. चाळीस वर्षांनंतर दिल्लीच्या बादशहानें ही दूरदृष्टि दाखविली नाहीं, तें पुढें येईलच.

रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रांतील टोपीकरांविषयींची सूचनाही येथें आठवते. हे इतर साहूकारांसारखे साहूकार नव्हत, यांच्या पाठीशीं एकेक राजा आहे, सबब यांस समुद्रकांठीं जागा देऊं नये, असा त्यांचा अभिप्राय. आम्हांस वाटतें, वादाची नाडी अमात्यांस सांपडली होती. साध्या सावकारानें जकात चुकविली तर तो गुन्हेगार ठरतो. टोपीकरानें चुकविली तर तो तहाचा अर्थ सांगूं लागतो.

आतां मोगलाईकडे वळूं. सुरतेस इंग्रजांची जकात शेंकडा दोन होती. १६७९ त औरंगजेबानें जिझिया पुन्हां बसविला. तो डोईवरचा कर. टोपीकरांकडून माणशीं उगवणें अवघड, म्हणून त्यांच्या मालावर दीड टक्का चढवून एकूण साडेतीन ठरले. १६८० च्या फर्मानांत हें नमूद आहे. आमच्या वाचकांनीं ज्या जागीं थांबावें ती जागा या फर्मानांत आहे. त्या काळच्या फारसी लेखनांत विरामचिन्हें नसत. सदर ठिकाणीं, म्हणजे सुरतेस, यापुढें साडेतीन टक्के घ्यावे, इतकें म्हटल्यावर ‘आणि इतर सर्व ठिकाणीं’ हे शब्द येतात. आणि त्यानंतर, या कारणास्तव जकात, रहदारी, पेशकश, फर्माइश वगैरेंचा उपसर्ग कोणीं देऊं नये, असा मजकूर आहे. वाक्य ‘सर्व ठिकाणीं’ या शब्दांच्या अलीकडे तोडलें तर अर्थ असा कीं, सुरतेस साडेतीन टक्के दिले म्हणजे बाकी हिंदुस्थानांत कंपनी मोकळी. पलीकडे तोडलें तर साडेतीन टक्के सर्वत्र द्यावयाचे, आणि मग वरकड उपद्रव मात्र होऊं नये. इंग्रजांनीं पहिला अर्थ धरला, बंगालच्या दिवाणानें दुसरा.

कोणाचा अर्थ खरा? व्याकरणानें दोन्ही निभतात. परंतु फर्मान सुरतेच्या आजीमाजी अंमलदारांस उद्देशून आहे, ही गोष्ट विसरतां कामा नये. सुरतेच्या अधिकाऱ्यास लिहिलेल्या कागदानें बंगालचा महसूल सोडला, असें मानण्यास याहून स्पष्ट शब्द हवे होते. आमचा कल दिवाणाकडे झुकतो. उलट इंग्रजांचें म्हणणें असें कीं, बंगाल्यांत आम्ही शाहजादा शुजाच्या निशाणाप्रमाणें सालीना तीन हजार रुपये देतों, मग टक्केवारी कशाची? हें निशाण १६५१ चें व पुन्हां १६५६ चें. त्याच्या मुळाशीं गेब्रिएल बौटन या शस्त्रवैद्यानें भाजलेल्या शाहजादीस बरें केलें, अशी कथा सांगतात. पण जहानारा भाजली १६४४ च्या मार्चांत, आणि बौटन सुरतेहून निघाला १६४५ त. कथा सोडून द्यावी, निशाण खरें आहे.

हा तंटा तोंडीं मिटला नाहीं. १६८६ त कंपनीनें बादशहाशीं युद्ध पुकारलें. सिद्दी याकूतखान मुंबईंत उतरून बसला. अखेर १६९० त दीड लाख रुपये दंड भरून व माफी मागून कंपनी सुटली. बंगाल्यांतील तीन हजारांची वहिवाट मात्र पुढें पुन्हां पदरांत पडली. हरलेल्या पक्षानें आपला अर्थ कायम ठेवला, हें विशेष!

१७१५ त जॉन सरमन हा कलकत्त्याहून वकिली घेऊन दिल्लीस पोंचला. बरोबर खोजा सरहद हा आर्मेनियन व हॅमिल्टन नांवाचा शस्त्रवैद्य होता. हॅमिल्टननें फर्रुखसियरास दुखण्यांतून उठविलें. पण फर्मानें हातीं येण्यास १७१७ साल उजाडलें, यावरून औषधाचा गुण दरबारास फार सावकाश लागला असें दिसतें. बंगाल्यांत सर्व जकातीऐवजीं सालीना तीन हजार, सुरतेस दहा हजार, आणि मुंबईच्या टांकसाळीचें नाणें बादशाही मुलखांत चालावें, अशीं मुख्य कलमें होतीं. व्यापार कितीही वाढला तरी आंकडा कायमचा! रायगडच्या तहांतील अडीच हजार होनांशीं हें ताडून पाहिलें म्हणजे मर्यादित सूट आणि अमर्याद सूट यांतील अंतर ध्यानीं येतें.

मुर्शिद कुलीखान हिशेबी मनुष्य होता. त्यानें फर्मान डोईस लाविलें आणि अर्थ आवळला: समुद्रांतून येणारा व समुद्रांतून जाणारा कंपनीचा माल तेवढा माफ, सुभ्यांतल्या सुभ्यांत फिरणारें मीठ, सुपारी, तंबाखू माफ नाहीं. कंपनीच्या नोकरांचा खासगी व्यापार तर त्याच्या मतें फर्मानाच्या बाहेरच. दस्तकावर मात्र सही कलकत्त्याच्या इंग्रज अधिकाऱ्याची. कोणता माल कंपनीचा, हें ज्याला सूट हवी तोच लिहून देणार, अशी ही व्यवस्था. परिणाम व्हावयाचा तोच झाला. नोकर आपला माल कंपनीच्या दस्तकावर पाठवूं लागले. पुढें देशी व्यापाऱ्यांस दस्तकें विकूंही लागले. सिराजउद्दौल्याच्या इंग्रजांविरुद्ध ज्या तक्रारी होत्या त्यांत दस्तकांचा हा दुरुपयोग एक प्रमुख होती.

पलाशीनंतर अटकाव करणारा उरला नाहीं, आणि हा व्यापार गांवोगांव पसरला. मीर कासीमानें गादीवर येतांच महसुलाची ही गळती ओळखली. १७६२ च्या अखेरीस मोंगीर येथें गव्हर्नर व्हॅन्सिटार्ट याच्याशीं त्याचा करार झाला कीं, इंग्रजांनीं खासगी मालावर नऊ टक्के द्यावे. देशी व्यापाऱ्यांस याहून बराच अधिक भार होता. तरीही कलकत्त्याच्या कौन्सिलानें करार फेटाळला आणि फक्त मिठावर अडीच टक्के देऊं केले. व्हॅन्सिटार्टच्या बाजूनें बोलणारा जवळजवळ एकटा वॉरन हेस्टिंग्ज होता. तेव्हां मीर कासीमानें मार्च १७६३ त जकातच उठविली, सर्वांस सारखी. आपलें उत्पन्न बुडालें तरी चालेल, पण आपली रयत इंग्रजांच्या बरोबरीनें व्यापार करो, असा त्याचा हेतु. यावर कौन्सिलाचा कांगावा असा कीं, जकात उठविणें हा आमच्या हक्कावर घाला आहे! सूट घेणारास हवी असते ती सूट नव्हे, इतरांनीं भरलेली जकात हवी असते, याचा इतका उघड कबुलीजबाब दुसरा आमच्या पाहण्यांत नाहीं. जूनमध्यें एलिसनें पाटण्यावर हल्ला केला, ता. २२ ऑक्टोबर १७६४ रोजीं बक्सारास निकाल लागला, ता. १२ ऑगस्ट १७६५ रोजीं कंपनीच दिवाण झाली. जकात चुकविणारा व घेणारा एकच झाला. इकडे विलायतेंतील सरकारही गप्प बसलें नव्हतें. १७६७ त त्यानें कंपनीवर सालीना चार लाख पौंड बसविले.

दस्तकें अखेर १७७३ त खुद्द हेस्टिंग्जनें बंद केलीं व इंग्रज-देशी असा भेद न करितां अडीच टक्क्यांचा एक दर ठरविला. मीठ, सुपारी व तंबाखू यांचे मक्ते तेवढे वगळले. दहा वर्षांपूर्वीं मोंगीरच्या करारास ज्यानें हात दिला, त्याच्याच हातून हें झालें.

ज्यांच्या संग्रहीं जकातमाफीचे कौल, दस्तकें किंवा नाक्यावरील रवानगीच्या चिठ्या असतील त्यांनीं त्यांची नक्कल करितांना तीन गोष्टी गाळूं नयेत: मालाचा धनी म्हणून कोणाचें नांव आहे, माल कोठून कोठें जावयाचा आहे, आणि शिक्का माफी देणाराचा आहे कीं माफी घेणाराचा. फारसी कागद असल्यास वाचकानें वाक्यें आपल्या समजुतीनें तोडून न छापतां मूळ ओळी जशाच्या तशा द्याव्या.