खेळातील उपकथानक



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या, हे आमच्या नजरेतून सुटले नाही. ज्याचे सारे आयुष्य वेतनकरार, बोनस आणि कंत्राटी कामगारांच्या मागण्या यांत गेले, त्याने या व्यासपीठावर उभे राहून व्हिडिओ गेममधील प्रेमकथांवर बोलावे, हे चमत्कारिक वाटणारच. तेव्हा आम्ही या वाटेला कसे लागलो ते आधी सांगितले पाहिजे.

सणसवाडीच्या आणि रांजणगावच्या कारखान्यांत राबणारी पुष्कळ तरुण पोरे शिक्रापुरात खोल्या घेऊन राहतात. एका खोलीत चार जण आणि चौघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. त्यांना गाठायचे तर दुसरी पाळी सुटल्यावर, रात्री उशिराच. अशाच एका रात्री आम्ही एका खोलीवर सभेचे सांगण्यास गेलो, तर मराठवाड्यातून आलेला एक पोरगा जुन्या संगणकापुढे बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "काका, पाच मिनिटं थांबा. लग्न लागतंय." आम्ही थांबलो. पडद्यावर खरेच लग्न लागले. सभेचे बोलणे बाजूला राहिले आणि त्या पोराने आम्हांस तासभर समजावून सांगितले की, हा खेळ शेतीचा आहे, परंतु शेती करता करता गावात कोणावर जीवही जडवता येतो. "मग त्या लग्नाने शेतीत काय फरक पडतो?" आम्ही विचारले. त्याने थोडा विचार केला. "तसा फार नाही, काका. कधीमधी रोपांना पाणी घालते. पण घरी गेल्यावर कुणीतरी असतं."

हे उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. त्यानंतर आम्ही अशा खेळांची माहिती जमविली. काही त्या पोरांकडून पाहिले, काहींविषयी वाचले. शाळा आमची नववीतच सुटली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. म्हणून आमची कसोटीही तिथलीच आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. आपल्या भाषेत नाटकाच्या प्रयोगास खेळ म्हणतात. तमाशाचा खेळ असतो, सिनेमाचाही रात्री नऊचा खेळ असतो. तेव्हा पडद्यावरील या नव्या खेळांना आपण परके समजण्याचे कारण नाही. मुख्य कथेच्या पोटात दुसरी लहान कथा चालविण्याची युक्तीही जुनीच आहे. संस्कृत नाट्यशास्त्राने लांबवर चालणाऱ्या उपकथानकास पताका आणि छोट्या उपकथानकास प्रकरी अशी नावे देऊन ठेविली आहेत. आणि प्रेमाच्या उपकथानकाचा आम्हांस ठाऊक असलेला सर्वांत चांगला नमुना शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांनी हे नाटक संगीत रूपात मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे ते आपल्या घरचेच झाले आहे.

चारुदत्त आणि वसंतसेना यांची मुख्य कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या आडोशाला शर्विलक आणि मदनिका ही दुसरी जोडी आहे. मदनिका ही वसंतसेनेची दासी; पैसे भरल्याखेरीज तिची सुटका नाही. शर्विलकापाशी पैसा नाही. म्हणून तो रात्री चारुदत्ताच्या घराच्या भिंतीला भोक पाडतो आणि भिंत मोजण्यास गळ्यातले जानवे दोरीसारखे वापरतो. आत ठेवलेले दागिने घेऊन तो मदनिकेकडे येतो. ती ते दागिने ओळखते. ते तिच्याच मालकिणीने चारुदत्ताकडे ठेवावयास दिलेले असतात. तेव्हा ती त्याला सुचविते की, चारुदत्ताचा माणूस म्हणून जा आणि हे परत कर. वसंतसेना हे सारे चोरून ऐकते आणि दागिने स्वीकारून मदनिकेस मोकळी करते. येथे लक्षात घ्या, दासीच्या शहाणपणाने चोराची अब्रू वाचली आणि मुख्य कथेची गाठही सुटू लागली. उपकथानक हे नुसते तोंडीलावणे राहिले नाही.

पुढचा प्रसंग तर आमच्यासारख्याच्या काळजास हात घालणारा आहे. मदनिका गाडीत बसली आहे, संसार आता सुरू व्हायचा आहे, आणि इतक्यात दवंडी ऐकू येते. पालक राजाने आर्यक नावाच्या गवळ्याच्या पोरास बंदिवासात टाकले आहे. आर्यक हा शर्विलकाचा मित्र. शर्विलक गाडीतून उतरतो. मदनिकेस रेभिल नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी पोहोचविण्यास सांगतो आणि स्वतः राजाविरुद्ध माणसे उठविण्यास निघून जातो. दहाव्या अंकात पालक मारला जातो, आर्यक राजा होतो, वसंतसेनेस वधूपद मिळते, स्थावरक नावाचा दासही दास्यातून सुटतो. मदनिका मात्र चौथ्या अंकानंतर रंगमंचावर येत नाही. रेभिलाच्या घरी तिचे दिवस कसे गेले, हे कोणी विचारीत नाही.

हे नाटक आम्ही प्रथम वाचले तेव्हा शर्विलकाच्या उतरण्याने आमचा ऊर भरून आला होता. पुन्हा वाचले तेव्हा नजर गाडीकडे गेली. त्याचे कारण पुढे सांगू. तूर्त एवढेच की, प्रेमाचे उपकथानक चांगले की वाईट हे ठरविण्यास आमचे दोन प्रश्न आहेत. त्याने मुख्य कथेचा हिशेब बदलतो का? आणि गाडीत बसलेल्या माणसास कोणी काही विचारते का?

आता पडद्यावरच्या खेळांकडे वळू. १९८१ साली जपानमध्ये 'डाँकी काँग' हा खेळ निघाला. त्यात एक सुतार, त्याची प्रेयसी आणि तिला पळवून नेणारे माकड आहे. सुताराने शिड्या चढावयाच्या आणि वरून घरंगळणारी पिंपे चुकवावयाची. हाच सुतार पुढे मारिओ म्हणून जगप्रसिद्ध झाला आणि १९८५ सालापासून राजकन्येस सोडविण्यासाठी धावू लागला. या खेळांत स्त्री शिडीच्या टोकाशी उभी असते. ती कामाचा मोबदला आहे, माणूस नाही. आमच्या दोन्ही प्रश्नांना येथे उत्तर नाही.

खरे वळण आले १९९२ साली, 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या पाचव्या भागात. त्याचा नायक लहानपणीच बाप गमावतो आणि दहा वर्षे गुलाम म्हणून दगड वाहतो. पुढे सुटल्यावर त्याच्यापुढे लग्नाचा प्रश्न येतो. एकीकडे बियांका, बालपणीची सोबतीण, आजारी बापाची सेवा करणारी गरीब मुलगी. दुसरीकडे फ्लोरा, धनवंताची कन्या. नायकास हवी असलेली ढाल तिच्याच घरी. खेळणाऱ्याने एकीस निवडावयाचे. खेळ रचणाऱ्यांचे मन असे मोठे की, बियांकेस निवडले तरी तो धनवंत रुसत नाही. लग्नाचा थाट करून देतो आणि ढालही देतो. पुढे जुळी मुले होतात, आणि नायक व त्याची बायको दोघेही शत्रूच्या जादूने दगड होतात. आठ वर्षे तो कोणा श्रीमंताच्या अंगणात पुतळा होऊन उभा राहतो. त्याची मुलेच त्यास शोधून काढतात, आणि तेव्हा कळते की भाकितातला तारणहार हा नायक नसून त्याचा मुलगा आहे. म्हणजे ज्या लग्नाला आपण उपकथानक समजत होतो, त्याच्या पोटीच मुख्य कथा होती. पहिल्या प्रश्नास इतके चोख उत्तर आम्ही दुसऱ्या खेळात पाहिले नाही.

१९९७ सालच्या 'फायनल फँटसी'च्या सातव्या भागात प्रकरण निराळे आहे. पृथ्वीचे सत्त्व शोषून वीज करणारी एक कंपनी, तिच्या सावलीतली झोपडपट्टी आणि तेथे फुले विकणारी एरिथ. क्लाउड हा नायक तिच्याशी आणि टिफा या बालमैत्रिणीशी कसा वागतो, याची नोंद खेळ गुपचूप ठेवीत असतो आणि त्या नोंदीवरून जत्रेसारख्या एका करमणुकीच्या गावी त्याच्याबरोबर फिरावयास कोण जाणार ते ठरते. खेळणारा मनात मांडे खातो. आणि कथा निम्म्यावरही आली नसताना एरिथ मारली जाते. कितीही कौशल्य दाखविले तरी ती वाचत नाही. जगभरची पोरे या प्रसंगी रडली, ती उगीच नव्हेत. कष्टाचे फळ मिळतेच, असा जो करार खेळ आणि खेळणारा यांच्यात असतो, तो येथे मोडला गेला. माणूस गेल्यावर त्याची जागा कशानेही भरत नाही, हे खेळाने प्रथमच एवढ्या लोकांना शिकविले.

त्या खोलीतल्या शेतीच्या खेळाची परंपरा १९९६ सालच्या जपानी 'हार्वेस्ट मून'पासून येते. तो रचणारे यासुहिरो वादा खेड्यातून टोकियोस आलेले गृहस्थ. सोडून आलेल्या गावाची किंमत त्यांना शहरात कळली. २०१६ साली अमेरिकेत एरिक बॅरोन या तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने खपून 'स्टारड्यू व्हॅली' तयार केला. त्याचा नायक एका बड्या कंपनीतली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर येतो. चाकणच्या रस्त्यावर जेथे काल ज्वारी उभी होती तेथे आज गोदामे आहेत. तेव्हा आमच्या पोरांना हा खेळ का भावतो, हे वेगळे सांगावयास नको. परंतु यातल्या प्रेमाविषयी आमची तक्रार आहे. माणसाला आवडत्या वस्तू देत जावे, की हृदये भरत जातात; आठवड्यास दोनच भेटी चालतात; पुरेशी हृदये भरली की फुलांचा गुच्छ, मग लग्न. हा तर नगावर मजुरी देण्याचा प्रकार झाला. तथापि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, रोज बोलणे टाकले तर आपुलकी घटते, लग्नानंतरही घटते. म्हणजे भेटवस्तूंनी नाते जुळेल, पण टिकेल ते वेळ दिल्यानेच. बारा तासांच्या पाळीनंतर हे वाचताना त्या पोरास काय वाटले असेल, ते आम्ही विचारले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पोलंडमध्ये मिळाले. २०१५ सालच्या 'द विचर ३' या खेळात गेराल्ट हा राक्षस मारण्याची मजुरी करणारा भटक्या आपल्या मानलेल्या लेकीस शोधत फिरतो. येनेफर या चेटकिणीशी त्याचे जुने नाते. परंतु ते एका जिनाकडे मागितलेल्या इच्छेने बांधले गेलेले. येनेफर त्याला घेऊन दुसरा जिन शोधावयास निघते. कशासाठी? ते बंधन तोडण्यासाठी. जादू गेल्यावरही आपल्यात काही उरते का, ते तिला पाहावयाचे असते. बंधन तुटते. ती आपले मन सांगते आणि मग गेराल्टास विचारते. आता खेळणाऱ्याने खरे बोलावयाचे. नाही म्हणण्याचीही मुभा आहे. येथे गाडीत बसलेली स्त्री स्वतः खाली उतरून प्रश्न विचारते. मुख्य शोध घटकाभर थांबतो, आणि तो थांबणे योग्यच वाटते.

आता ते राहिलेले कारण. १९९८ सालच्या सुमारास एका कारखान्यात, ज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, टाळेबंदी झाली. आम्ही तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. घरच्या मंडळींना आणि दोन वर्षांच्या मुलीस माहेरी धाडले, आणि अकरा आठवडे फाटकावर बसलो. करार झाला, गुलाल उधळला, सत्कार झाले. त्यांना आणावयास आम्ही गेलो ते करारानंतर नवव्या दिवशी. भावाच्या संसारात अकरा आठवडे कसे काढले, याविषयी तिने एक अक्षर काढले नाही. वाटेत एस.टी.त एवढेच विचारले, "त्या करारावर माझी सही कुठं आहे?"

आम्ही उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हतेच. शर्विलक उतरला हे बरोबरच होते; तो न उतरता तर पालक गादीवरच राहता. चूक उतरण्यात नाही. मदनिकेस विचारल्यावाचून उतरण्यात आणि राज्य बदलल्यावर तिला विसरण्यात आहे. त्यानंतर आमच्या संघटनेत संपाचे मतदान घेण्याआधी एक सभा घरच्या मंडळींचीही होऊ लागली. तिच्यातून दोन वेळा संप पुढे ढकलला गेला, आणि दोन्ही वेळा ढकलणेच शहाणपणाचे ठरले.

पुण्यातही आता असे खेळ तयार होतात. २०२० साली येथल्या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात एक मुलगी पळवून नेलेल्या धाकट्या भावास शोधावयास निघते आणि देशोदेशीचे लोक तो खेळले. तेव्हा शिक्रापूरच्या एखाद्या खोलीतला पोरगा किंवा पोरगी उद्या असा खेळ रचील, हे अशक्य नाही. त्यांना आमची विनंती एवढीच. लढाई खुशाल रंगवा, राजे खुशाल बदला; परंतु रेभिलाच्या घरचा प्रसंग शूद्रकाने लिहावयाचा ठेविला आहे, तो तुम्ही लिहा. आणि लिहिण्याआधी घरी कोणास तरी विचारा.