विमानाच्या मीटरवरच्या रंगीत खुणा आजही बरोबर आहेत, हे कोण तपासतं?

सोलापूर-गोवा थेट विमानसेवा ९ जून २०२५ रोजी सुरू झाली. नवी पेठेतल्या व्यापाऱ्यालाही आता होटगी रोडवरून विमान पकडता येतं. पण वेगाची मर्यादा वैमानिकाला दाखवणाऱ्या खुणा बरोबर आहेत, याची खात्री कोण करतं?

रंग काय सांगतात?

प्रशिक्षणासाठी वापरलं जाणारं सेसना १७२ एस हे छोटं विमान घ्या. त्याच्या वेगमापकावर चार खुणा असतात.

- पांढरा पट्टा : फ्लॅप पूर्ण उघडून उडता येईल असा वेग
- हिरवा : नेहमीच्या उड्डाणाचा वेग, १२९ नॉटपर्यंत
- पिवळा : १२९ ते १६३ नॉट, फक्त हवा शांत असताना
- लाल रेघ : १६३ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३०० किलोमीटर. ही कधीच ओलांडायची नाही.

खुणा चुकीच्या कशा ठरतात?

काही मीटरवर खुणा काचेवर असतात. काच थोडी जरी फिरली, तरी लाल रेघ भलत्याच आकड्यावर येते. म्हणून काच आणि चौकट यांवर मिळून एक आडवी रेघ मारतात. ती तुटलेली दिसली, की काच सरकली हे कळतं.

मीटर बदलताना एककाचा घोळही होऊ शकतो. जुन्या सेसनात वेग ताशी मैलांत असे. १०० मैल म्हणजे जेमतेम ८७ नॉट. इंजिन किंवा पंखा बदलला, तर मर्यादाही बदलू शकतात. कधी नियामक नवा आदेश काढून त्या कमी करतो.

मीटरवर नसलेली मर्यादा

कंट्रोल एकदम पूर्ण वळवायचे, तर त्यासाठी वेगळी वेगमर्यादा असते. १७२ एसमध्ये ती १,१५७ किलो वजनाला १०५ नॉट, तर ८६२ किलोला ९० नॉट आहे. विमान हलकं, तर मर्यादा कमी. ही माहिती फ्लाइट मॅन्युअलमध्ये मिळते.

मग तपासतं कोण?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनुसार विमानाच्या उड्डाणयोग्यतेचा आढावा दरवर्षी घेतला जातो. मॅन्युअल त्याच विमानाला लागू आहे का, त्यात ताज्या सुधारणा आहेत का, हे कागदोपत्री पाहतात. मग प्रत्यक्ष विमानात जाऊन खुणा आणि सूचनापट्ट्या जागेवर आहेत का, हे बघतात.

सोलापूरहून गोव्याला जाणाऱ्या एटीआर ७२ मध्ये काट्यांऐवजी स्क्रीन आहेत. तिथे काच सरकायची भीती नाही. पण विमान आणि मॅन्युअल एकमेकांशी जुळलंच पाहिजे, हा नियम त्यालाही तितकाच लागू आहे.